गळाचा दोरा कोणता घ्याल?

कुणाच्या गळाला मोठा मासा लागला की सगळे विचारतात, "आमिष काय लावलं होतंस?" नाहीतर "काठी कुठून आणलीस?" पण "दोरा कोणता होता?" असं कुणी विचारत नाही. खरं तर मासा आणि आपण यांच्यामध्ये असतो तो फक्त दोराच! तो चुकला, तर काठी कितीही भारी असो, उपयोग शून्य.

मला हे कळलं माझ्या वर्गातल्या एका मुलामुळे. आमची शाळा रायगड जिल्ह्यात, खाडीच्या कडेला. निम्मा वर्ग सुट्टीच्या दिवशी गरी घेऊन बांधावर बसणारा. सातवीतल्या या मुलाला मुंबईच्या काकांनी एक छोटी फायबरची काठी आणि रीळ भेट दिलं. स्वारी खूश! त्याने आजोबांचा जाडजूड तंगूस त्या रिळावर काठोकाठ गुंडाळला. फेकायला गेला, तर तंगूस स्प्रिंगसारखा उसळून बाहेर आला आणि शिसं जेमतेम दहा हातांवर पडलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बरोबर उलटं केलं. दुकानातला सगळ्यात बारीक तंगूस आणला. आता फेक छान लांब गेली. थोड्या वेळाने काठी वाकली, पाण्यावर एक मोठा जिताडा उसळला आणि... ताड! दोरा तुटला.

सोमवारी तो वर्गात गप्प बसून होता. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, मासा गेला त्याचं काही नाही. पण माझी गरी त्याच्या तोंडातच राहिली ना!"

त्याचं हे बोलणं माझ्या मनाला लागलं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्याच्या आजोबांकडे गेलो. आजोबा हसले आणि म्हणाले, "अहो बाई, दोरा घेताना आधी काठीला विचारायचं, मग रिळाला, आणि मग माशाला!"

तंगूस आला कुठून?

आजोबांच्या आजोबांच्या काळी गळाला सुताचा किंवा सणाचा दोरा असे. परदेशात रेशमाचे आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचेही दोरे वापरत. हे दोरे पाण्यात कुजायचे. घरी आलं की ते वाळत घालावे लागत.

मग 1935 साली अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या शास्त्रज्ञाच्या हाताखाली नायलॉन तयार झालं. 1938 मध्ये त्याचे दात घासायच्या ब्रशचे केस बाजारात आले, आणि पुढे मासेमारीचा दोराही आला. आपला तंगूस म्हणजे हाच नायलॉनचा अखंड, एकपदरी धागा. तो कुजत नाही, स्वस्त असतो आणि ओढला की थोडा ताणला जातो. माशाने अचानक हिसका दिला तर हा ताण तो हिसका झेलतो. म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात तंगूसापासूनच करावी.

दुसरा दोरा विणलेला. पॉलिथिनच्या अतिशय मजबूत, बारीक तंतूंची वेणी घालून तो बनवतात. तेवढ्याच जाडीच्या तंगूसापेक्षा तो कितीतरी जास्त वजन पेलतो. पण तो जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे हिसका थेट गाठीवर आणि काठीवर येतो. शिवाय तो हाताला गुंडाळून ओढला तर बोट कापतं! रिळाच्या गुळगुळीत चकतीवर तो घसरतो, म्हणून खाली आधी थोडा तंगूस गुंडाळावा लागतो.

तिसरा फ्लुरोकार्बनचा. प्रकाश पाण्यातून जाताना जितका वाकतो, त्याच्या जवळपास तितकाच तो या दोऱ्यातून जाताना वाकतो. म्हणून पाण्यात तो कमी दिसतो. तो बुडतो चटकन आणि दगडावर घासूनही बराच टिकतो. पण कडक आणि महाग. म्हणून बरेच जण त्याचा फक्त शेवटचा, गरीजवळचा तुकडा वापरतात.

आकडे वाचायला शिका

दोऱ्याच्या गुंडीवर दोन आकडे असतात. एक जाडी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, तो किती वजन पेलतो ते, किलोत किंवा पौंडात. एक पौंड म्हणजे सुमारे 0.45 किलो. साधारणपणे 0.20 मिलिमीटरचा तंगूस 3 किलोच्या आसपास पेलतो. मग दुप्पट जाडीचा, म्हणजे 0.40 चा, किती पेलेल? 6 किलो? नाही! जवळजवळ चौपट. कारण जाडी दुप्पट झाली की वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं. बघा, गणित खाडीवरसुद्धा पाठ सोडत नाही.

आता काठी बघा. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही काठी किती पौंडाच्या दोऱ्यासाठी आहे. आमच्या मुलाच्या काठीवर 6 ते 12 पौंड लिहिलं होतं. म्हणजे किती किलो? करा गुणाकार! सुमारे 2.7 ते 5.4. याहून फार भक्कम दोरा लावला आणि मोठा मासा लागला, तर दोऱ्याच्या आधी काठीच मोडायची.

रिळाच्या चकतीवरही 0.30/150 असं काहीतरी असतं. म्हणजे 0.30 मिलिमीटरचा दोरा 150 मीटर मावतो.

कोणत्या काठीला कोणता?

*बांबूची साधी काठी, रीळ नाही :* माशाला सैल सोडायला जास्तीचा दोराच नसतो. म्हणून गरजेपेक्षा थोडा जाड तंगूस घ्या. लहान माशांसाठी 0.25 ते 0.30 चा पुरे. लांबी साधारण काठीएवढी.

*छोटी काठी आणि स्थिर चकतीचं रीळ :* यात फेकताना चकती फिरत नाही, दोरा वेटोळ्यांनी सुटतो. जाड दोरा वेटोळी धरून बसतो आणि उसळतो. म्हणून 0.20 ते 0.30. चकतीच्या काठापासून दोनेक मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरलं तर गुंता, अर्धवट भरलं तर फेक तोकडी.

*लांब काठी आणि मोठं रीळ :* समुद्रकिनाऱ्यावर जड शिसं लांब फेकायचं असतं. इथे 0.35 ते 0.45 चा लागतो.

*फिरत्या चकतीचं रीळ :* यात फेकताना चकतीच गरगर फिरते. फार बारीक दोरा खालच्या थरांत रुततो, म्हणून 0.30 च्या पुढचा बरा. पण चकतीवर अंगठा ठेवायची सवय लागेपर्यंत नुसतं घरटं तयार होतं!

आजोबांनी नातवासाठी 0.28 चा तंगूस निवडला. पुढे एक फिरती कडी, आणि तिच्यापुढे हातभर 0.50 चा जाड तुकडा. का? कारण जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. बारीक दोरा तिथेच कापला जातो.

आणखी एक चूक त्यांनी पकडली. रिळाचा ब्रेक नातवाने गच्च आवळला होता. तो असा ठेवायचा, की दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश ओढ बसली की दोरा आपोआप सुटू लागला पाहिजे. माशाला पळू द्यायचं, दमू द्यायचं.

बादलीचा प्रयोग

हा प्रयोग आम्ही वर्गात केला. दोऱ्याला बादली बांधून ती जमिनीपासून चार बोटं वर टांगली. मग मापाने पाणी ओतत गेलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादलीचं वजन आधीच करून ठेवलं होतं. पहिल्यांदा कशीतरी कोरडी गाठ मारली होती. दोरा तुटला तो गाठीपाशीच, आणि गुंडीवरच्या आकड्याच्या पुष्कळ आधी! मग आजोबांनी शिकवलेली गाठ मारली. बादलीने दीड लिटर पाणी जास्त पेललं.

ती गाठ अशी : दोऱ्याचं टोक गरीच्या डोळ्यातून ओवा. ते मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे फिरवा. मग डोळ्याजवळच्या पहिल्या फासातून टोक बाहेर काढा, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातूनही ओवा. आता गाठ पाण्याने ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तंगूस कच्चा होतो.

तंगूस उन्हानेही कमजोर होतो. तो अंधारात, थंड जागी ठेवा. दरवेळी शेवटचा हातभर भाग चिमटीतून सरकवून बघा. खरखरीत लागला तर कापून टाका.

कापून टाका म्हणजे कापून घरी आणा बरं का! नायलॉन कुजत नाही, हा त्याचा गुण पाण्यात टाकला की दुर्गुण होतो. गेल्या वर्षी बांधावर आम्हाला एक बगळा सापडला होता. त्याच्या दोन्ही पायांना तंगूसाचा गुंता. एका आजीने त्याच्यावर फडकं टाकून धरलं, मी कात्रीने दोरा कापला. उडाला बिचारा, पण एक पाय लोंबतच होता. तेव्हापासून वर्गात एक डबा ठेवलाय. दोऱ्याचा प्रत्येक तुकडा त्यात जातो.

आणि हो, पाण्यावर एकटं जायचं नाही. तळ्यावर, धरणावर आधी परवानगी विचारायची. विजेच्या तारांखाली काठी उभी करायची नाही, कारण कार्बनच्या काठीतून वीज वाहते.

आता आमच्या मुलाचं काय झालं? पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा जिताडा लागला. दोरा सरसर सुटला, थांबला, पुन्हा सुटला. तुटला मात्र नाही. मासा निघाला जेमतेम वीतभर. त्याने हात ओला करून गरी अलगद काढली आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अरे, एवढ्या मेहनतीने धरलास ना?" मी विचारलं.

"लहान आहे बाई अजून," तो म्हणाला. "आणि या वेळी गरी माझ्याकडेच आहे!"