चिखलातला टायर आणि सडकेवरचा टायर

बुलढाणा जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी अंगावर येते, आणि परतीचा पाऊसही पुष्कळदा याच दिवसांत हजेरी लावतो. माल शेतात, बाजार खामगावला किंवा मलकापूरला, आणि मधे एक-दोन किलोमीटरची पांदण. पांदण संपली की डांबरी सडक, आणि मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूला तर समृद्धी महामार्गाचे काँक्रीट. एकाच पिकअपने, त्याच चार चाकांवर हा सारा प्रवास करायचा असतो. गाडी रुतली की माल भिजतो, म्हणून बरेच जण जाड नक्षीचा, चिखलासाठी म्हणून विकला जाणारा 'मड-टेरेन' टायर घ्यायचा विचार करतात. तो घ्यावा की नाही, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराचा वाटला तरी त्याचे उत्तर नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात आणि आपल्या पायाखालच्या मातीत आहे.

सुरुवात दाबापासून करू. मागच्या एका चाकावर १००० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम (सुमारे ५७ पौंड) हवा आहे असे धरा. टायरच्या कडांचा ताठरपणा सोडून दिला, तर जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ १००० भागिले ४, म्हणजे २५० चौरस सेंटिमीटर येते. वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या जागेवर एक टन! हवा अडीचवर आणली, की तेच क्षेत्रफळ ४०० होते. जमिनीवर पडणारा दाब हा ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा नवी वाटते.

आता माती. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजे भरपूर असतात. त्यांचे कण पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोरडी असताना ती सडकेसारखी भार पेलते. पाणी मुरले की मऊ पडते. मऊ ओल्या चिकणमातीची कापले जाण्याला विरोध करण्याची ताकद दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलोग्रॅमच्या आसपास धरली, तर ती साधारण त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे एक-सव्वा किलोग्रॅम दाब पेलू शकते. आपले चाक ४ चा दाब टाकते आहे. ते रुतणारच. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरमध्ये हवा साधारण एक ते दीड किलोग्रॅमच असते, तेव्हा तो त्याच रानातून का निघतो हे यावरून दिसेल.

पण रुतणे ही अर्धीच गोष्ट. गाडी पुढे जायची तर चाकाने माती मागे ढकलली पाहिजे आणि मातीने ते सोसले पाहिजे. अठराव्या शतकात कुलोम्ब या फ्रेंच अभियंत्याने दाखवले, की मातीची ही ताकद दोन गोष्टींची बेरीज असते: कणांनी एकमेकांना धरून ठेवणे आणि कणांमधले घर्षण. घर्षण भाराबरोबर वाढते, धरून ठेवणे क्षेत्रफळाबरोबर. मुरूम किंवा वाळूत घर्षण प्रमुख असते. पाण्याने तुडुंब भिजलेल्या चिकणमातीत मात्र घर्षणाचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो, कारण वाढलेला भार कणांवर न येता मधल्या पाण्यावर येतो आणि ते पाणी पटकन निसटू शकत नाही. म्हणून मुरमावर घसरणाऱ्या गाडीच्या हौद्यात चार माणसे उभी केली तर उपयोग होतो. काळ्या चिखलात तीच चार माणसे गाडी अधिक रुतवतात. तिथे क्षेत्रफळ वाढवणे, म्हणजे हवा कमी करणे, हाच उपाय.

नक्षीचे काम इथे सुरू होते. जाड उंचवटे मातीत घुसतात आणि त्यांच्या मधली माती कापली जाते. तिच्या ताकदीवर गाडी पुढे सरकते. मात्र खाचांत चिखल भरून बसला, की टायर बाहेरून गुळगुळीत होतो आणि महागडी नक्षी असूनही तो गोटा टायरसारखा वागतो. त्यामुळे नक्षी किती खोल आहे यापेक्षा ती फिरताना चिखल झटकते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. ट्रॅक्टरच्या टायरवरचे तिरपे पट्टे पाहा. त्यांचे मधले टोक आधी जमिनीला लागते, बाहेरचे नंतर, त्यामुळे माती बाहेर ढकलली जाते. टायर उलटा बसवला तर ती आत कोंबली जाते.

रुंद टायर चांगला की अरुंद, यावर पारावर वाद होतात. आमच्या मते दोन्ही पक्ष आपापल्या गावापुरते बरोबर आहेत. घाटावर, चिखली-मेहकरच्या बाजूला, पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीचा थर उथळ आहे आणि खाली मुरूम किंवा खडक लागतो. तिथे अरुंद चाक चिखल कापून कठीण तळ गाठते. जुन्या बैलगाडीचे उंच, अरुंद, लोखंडी धावेचे चाक हेच करत असे. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, तळ गाठायची आशाच नको. तिथली गाळाची माती फार खोल आहे. शिवाय खारपाणपट्ट्यात मातीतल्या सोडियममुळे चिकणकण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, पाण्याचा निचरा होत नाही आणि पांदण वाळायला जास्त दिवस लागतात. तिथे चाकाने तरंगले पाहिजे, म्हणजे टायर रुंद हवा आणि त्यात हवा कमी हवी.

हाच टायर सडकेवर आला की गणित उलटते. मोठ्या खाचांमुळे सडकेला टेकणारे रबर कमी, ब्रेकची पकड कमी. उंच उंचवटे प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि सरळ होतात. रबर वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. पिकअपचे चाक किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेते. डिझेल जास्त जळते, टायर लवकर झिजतो, आवाज होतो तो वेगळाच. त्यातून शेतात कमी केलेली हवा तशीच राहिली तर टायरच्या बाजू फार वाकतात आणि भरधाव गाडीत त्या तापून फुटू शकतात. पाण्यावरही धोका वाढतो. अमेरिकेच्या 'नासा'ने विमानांच्या चाकांसाठी मांडलेल्या सूत्राने, साचलेल्या पाण्यावर गोटा टायर ४ किलोग्रॅम हवेला ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेगाला जमीन सोडतो, तर अडीचला सुमारे १०० लाच.

म्हणून आमचे मत असे: ज्याची गाडी शंभरातले नव्वद किलोमीटर सडकेवर चालते, त्याने मड-टेरेनच्या नादी लागू नये. ट्रकवाले करतात तेच बरे. पुढे सरळ रेघांची 'रिब' नक्षी, कारण वळताना ती दिशा धरते. मागे आडव्या खाचांची 'लग' नक्षी, कारण जोर तिथे लागतो. पऱ्हाटीच्या आणि तुराटीच्या धसकटांतून रोज जावे लागत असेल तर टायरच्या बाजूची मजबुती आधी पाहावी. गाडीत हवेचा पंप आणि दाबमापक ठेवावा, आणि सडकेला लागण्याआधी हवा भरावी. कायद्याने अशा वाहनाच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ती मर्यादा सडकेसाठी आहे. शेतातल्या चिखलात त्याच्या कितीतरी आधी टायर निकामी होतो. आणि पांदण लोण्यासारखी झाली असेल, तर माल ट्रॅक्टरने सडकेपर्यंत आणणेच स्वस्त पडते.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. एका लाकडी ठोकळ्याच्या तळाला सात-आठ खिळे अर्धवट ठोका. एका ट्रेमध्ये भिजवलेली काळी माती आणि दुसऱ्यात वाळू घ्या. ठोकळ्यावर वजन ठेवून तो स्प्रिंगकाट्याने ओढा आणि वजन वाढवत आकडे लिहा. वाळूत आकडा वजनाबरोबर चढत जाईल. मातीत खिळे पूर्ण घुसल्यानंतर तो फारसा हलणार नाही. मग तसाच दुसरा ठोकळा पहिल्याला जोडा, एकूण वजन तेच ठेवा आणि पुन्हा ओढा. आता मातीतला आकडा दुपटीच्या जवळ जाईल, वाळूतला मात्र जवळपास तेवढाच राहील. शेवटी खिळ्यांमध्ये चिखल लिंपून तळ सपाट करा आणि ठोकळा पुन्हा ओल्या मातीवर ओढून पाहा.