मूत्रपिंडाचा विकार आणि मांडीवरची काळी जखम

कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे सिमेंटचे गाव. येथील रुग्णाला मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जायचे तर राजुरामार्गे चंद्रपूर, पुष्कळदा थेट नागपूर गाठावे लागते. त्यामुळे 'उन्हाळ्याचा फोड असेल' म्हणून दिवस ढकलले जातात. डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत ही दिरंगाई जिवावर बेतू शकते.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस यांचा ताळेबंद बिघडतो. क्वचित त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, रक्तपुरवठा खुंटतो आणि त्वचा मृत होऊ लागते. या विकारास 'कॅल्सिफायलॅक्सिस' म्हणतात. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९६२ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून हे नाव रूढ केले.

दिसणाऱ्या जखमेच्या मानाने असह्य वेदना, ही याची मुख्य खूण. मांडी, पोट वा नितंबावर जांभळट जाळी उमटते, आत कठीण गाठ लागते, पुढे काळी खपली धरते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर प्राणसंकट ओढवते. जवळपास निम्मे रुग्ण वर्षभरात दगावतात. स्त्रिया, मधुमेही, स्थूल व्यक्ती व वॉर्फरिन घेणारे यांना धोका अधिक. निदान बहुधा प्रत्यक्ष तपासणीवरूनच होते. शंका उरली तरच त्वचेचा तुकडा काढतात, कारण ती जखमही भरून येणे कठीण असते.

छायाचित्रकारांना 'हायपो' म्हणून परिचित असलेले सोडियम थायोसल्फेट इंजेक्शनाच्या शुद्ध रूपात, साधारणतः २५ ग्रॅम, डायलिसिसच्या अखेरच्या तासात शिरेतून देतात. ते हमखास गुणकारी नाही. म्हणूनच जखमेची निगा, वेदनाशमन, वॉर्फरिनला पर्याय आणि फॉस्फरसवर नियंत्रण यांची जोड आवश्यक ठरते. वॉर्फरिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

घरच्यांचाही यात वाटा आहे. फॉस्फरस रोखणारी गोळी जेवणासोबतच लागू पडते. चौविहार पाळणाऱ्या घरात सायंकाळचे जेवण लवकर होते, तेव्हा गोळीही त्याच वेळी घ्यावी. कॅल्शियम वा 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. पर्युषणातील उपवासाचा संकल्प डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि डायलिसिसवरील आप्ताने त्वचा दुखत असल्याचे सांगितले, तर पुढील पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.