जुन्या पिकअप गाडींतील ठोका व त्याची चौकशी

परभणी जिल्ह्यांत बैलगाडीनें मोंढ्यावर माल नेण्याचे दिवस आतां बव्हंशीं सरले आहेत. मानवतच्या बाजारांत जाणारा कापूस, सेलू व जिंतूरकडील सोयाबीन, गोदाकांठच्या गांवांतील भाजीपाला यांपैकीं पुष्कळसा माल हल्लीं पिकअप गाडींतून जातो. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांस नसते. म्हणून दोन-तीन हात फिरलेली जुनी गाडी बाळगणारे शेतकरी गांवोगांवीं आढळतात. अशा गाडीविषयीं एक तक्रार वारंवार कानीं येते. गिअर टाकून क्लच सोडला, किंवा चालत्या गाडींत ॲक्सिलरेटरवरील पाय उचलून पुन्हां दाबला, कीं बुडाखालून ‘ठक्’ असा आवाज येतो. हा ठोका कोठून येतो, तो कसा ओळखावा, व त्याची उपेक्षा केल्यास काय घडतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ठोका कां येतो?

इंजिनाचें बळ मागील चाकांपर्यंत एका सांखळीनें पोंचतें. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, लांब प्रोपेलर शाफ्ट, मागील हाऊसिंगमधील क्राऊन-पिनियन, एक्सल व शेवटीं चाक, अशा या कड्या होत. खड्ड्यावरून जातांना मागील एक्सल वरखालीं होतो, परंतु गिअरबॉक्स जागीं स्थिर असतो. म्हणून शाफ्टाच्या टोकांशीं वांकूं शकणारे सांधे बसविलेले असतात. त्यांस आपल्याकडे ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्याशीं सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो याचें नांव जोडलें जातें, व सतराव्या शतकांत इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें त्याचा अभ्यास केला. मुंबईस १९४७ सालीं महिंद्र यांच्या कंपनीनें जोडावयास घेतलेल्या विलिस जीपगाडींत हाच सांधा होता, आणि आपल्या पिकअपमध्यें आजहि तोच आहे.

दांत्यांच्या जोडीमध्यें थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. वयोमानानें प्रत्येक कडी थोडथोडी झिजते व या फटी एकत्र होतात. बळाची दिशा पालटली, कीं ही सारी फट एका क्षणांत भरून निघते व लोखंडावर लोखंड आदळतें. तोच ठोका होय. सबब ठोका एक असला तरी कारण एकच असेल असें नाहीं.

आवाज केव्हां येतो तें प्रथम लिहून ठेवावें

शिवेचा तंटा कचेरींत बसून मिटत नाहीं. स्थळपाहणी करावी लागते. येथेंहि तोच न्याय. हत्यार हातीं घेण्यापूर्वीं पुढील गोष्टींची नोंद करावी.

गाडी सुटतांना, अथवा पुढून मागें गिअर बदलतांना एकच ठोका आल्यास क्रॉस, शाफ्टाची सरकती जोडणी, पिनियन किंवा इंजिनाचें माउंटिंग यांवर संशय घ्यावा. सावकाश चालतांना चिमणीसारखी चिवचिव येत असल्यास क्रॉसमधील वंगण सुकलें आहे. वेग वाढेल तशी थरथर वाढत असल्यास शाफ्टाचा तोल गेला आहे, किंवा शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास मधलें सेंटर बेअरिंग गेलें आहे. एकसारखा घुंघाट येत असेल तर हाऊसिंगकडे पाहावें. केवळ खड्ड्यांत आवाज येत असून बळाच्या फेरबदलाशीं त्याचा संबंध नसेल, तर दोष बहुधा पाट्यांचा, त्यांच्या बुशांचा किंवा शॉकअबसॉर्बरचा असतो. अशा वेळीं शाफ्ट उघडणें व्यर्थ होय.

तपासणीचा क्रम

गाडी रिकामी करून सपाट व कठीण जागीं उभी करावी. काळ्या भुसभुशीत रानांत जॅक लावूं नये. पुढच्या व मागच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं ओंडके लावावे, इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी, आणि मग गिअर मोकळा करावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. खालीं भक्कम घोडी द्यावी.

प्रथम सोपें व स्वस्त तें पाहावें. शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे बोल्ट घट्ट आहेत काय? पाटे एक्सलास आवळणारे यू-बोल्ट सैल नाहींत ना? ते सैल असल्यास भार पडतांच एक्सल आपल्या जागीं वळतो व ठोका देतो.

नंतर क्रॉस. सांध्याच्या एका बाजूस एक हात व दुसऱ्या बाजूस दुसरा हात धरून उलटसुलट पिळावें. मग वरखालीं हलवावें. चांगल्या क्रॉसमध्यें हातास जाणवेल अशी ढील नसते. टोपीभोंवतीं तांबूस भुकटी दिसल्यास आंतील सुया कोरड्या पडून गंजल्या असें समजावें. मग पिनियनकडील टोक हातानें फिरवावें. दांते लागेपर्यंत थोडें फिरणें स्वाभाविक आहे. परंतु तें टोक वरखालीं किंवा आंतबाहेर हलत असेल, तर बेअरिंग गेलें. फिरण्याची ढील किती हें कळण्यासाठीं खडूची एक रेघ शाफ्टावर व दुसरी तिच्यासमोर हाऊसिंगवर ओढावी. हाऊसिंगचें तेल काढल्यास बुचाकडे पाहावें: बारीक राखेसारखें लोखंड असतेंच, परंतु तुकडे किंवा खपल्या निघाल्यास दांते फुटूं लागले आहेत.

शेवटीं माउंटिंग. एकानें ब्रेक दाबून इंजिन चालू करावें व पहिल्या, नंतर मागच्या गिअरमध्यें क्लच किंचित् सोडावा. दुसऱ्यानें बाजूस उभें राहून बॉनेटमधून पाहावें. गाडीच्या पुढें अथवा मागें कोणीहि उभें राहूं नये. इंजिन एका अंगास उसळत असेल तर रबर तुटलें आहे.

हा क्रम कां पाळावा? क्रॉसचा खर्च कांहीं शेकड्यांत भागतो, तर हाऊसिंग खोललें कीं हजारांचा आंकडा येतो. स्वस्त कारण वगळल्याखेरीज महागाच्या कामास संमति देऊं नये.

दुरुस्ती करतांना

शाफ्ट काढण्यापूर्वीं जोडाच्या दोन्ही बाजूंस खुणा कराव्या. एकटा क्रॉस कोनांत फिरला, कीं प्रत्येक फेऱ्यांत दोनदां गति कमीजास्त करतो. दोन्ही टोकांचे सांधे एकमेकांशीं जुळते असले तरच ती विषमता फिटते. खुणेविना उलटसुलट जोडणी केल्यास ठोका जाऊन थरथर येते. नवीन टोप्या बसवितांना आंतील एखादी सुई आडवी पडणार नाहीं याची खबरदारी घ्यावी. बसविल्यावर सांधा हातानें मोकळा हलला पाहिजे. ग्रीस भरण्याची सोय असलेल्या क्रॉसमध्यें चारी टोप्यांतून जुनें ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवें भरावें. पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्यांतून गाडी नेली असल्यास हें काम लांबणीवर टाकूं नये. पाणी व काळी माती हे सुयांचे मोठे शत्रु आहेत.

उपेक्षेचें फळ

क्रॉस पूर्ण तुटल्यास इंजिन चालू राहूनहि गाडी जागीं थांबते. पुढचा सांधा तुटला तर शाफ्टाचें टोक रस्त्यांत रुतून भरधाव गाडी उसळूं शकते. मागचा तुटल्यास मोकळा शाफ्ट बुडाखालीं थैमान घालतो, आणि ब्रेकची नळी तोडूं शकतो. चढावर गिअरच्या भरंवशावर उभी केलेली गाडी अशा वेळीं मागें घरंगळते. कापूस वेंचणीच्या दिवसांत मालाबरोबर मजूर बायामुलें मागें बसवून नेण्याची जी चाल पडली आहे, ती मुळांतच वर्ज्य आहे. ठोका देणाऱ्या गाडींत तर ती जिवाशीं गांठ घालणारी आहे.

म्हणून मालकांनीं हंगामापूर्वीं एक सकाळ गाडीखालीं घालवावी. बैलाच्या खुरांची व वखराच्या पासेची आपण जशी वेळेवर पाहणी करतों, तशीच ही पाहणीहि शेतीच्या कामांतच मोडते.