आधी बोल्ट मोजा, मग पाना घ्या

पहाटे ५:३०

माझं दुकान वसईत निर्मळ नाक्याजवळ आहे. शटर साडेपाचलाच वर जातं, कारण पेपरवाल्यांची आणि दूधवाल्यांची सायकल या वेळी अडली तर त्यांचा अख्खा धंदा अडतो. ऑक्टोबरातला शनिवार. पाऊस सरलाय, खड्डे जिथल्या तिथे आहेत. आज पहिली आली ती एक काळी सायकल, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन. पेडल मारलं की दर फेऱ्याला 'टक' असा आवाज. म्हणजे क्रँकची कॉटर पिन झिजली. नुसता नट आवळला तर दोन-चार दिवस निभतील, पण तेवढ्यात क्रँकचं भोक खराब होईल. जुनी पिन ठोकून बाहेर काढली, नवी कानशीनं जराशी घासली, हातोडीनं बसवली आणि वर नट आवळला.

या दूधवाल्या काकांच्या सीटखाली फडक्यात गुंडाळलेला डंबेल पाना असतो. दोन्ही टोकांना गोल डोकं आणि त्यात वेगवेगळ्या मापांची भोकं. आपल्याकडचा खरा जुना मल्टिटूल हाच. काकांची सायकल सगळी नटांवर उभी आहे: मडगार्ड, कॅरिअर, सीट, ब्रेकचे रॉड. बहुतेक नटांना हा पाना पुरतो. हल्लीचा घडीचा, चकचकीत मल्टिटूल त्यांच्या हातात दिला तर तो तसाच खिशात राहील, कारण त्यातल्या ॲलन की शिरतील अशी खाच या सायकलीवर शोधूनही सापडायची नाही. उलट गिअरच्या सायकलीपुढे डंबेल पाना तितकाच लंगडा. म्हणून 'चांगला मल्टिटूल कोणता?' असं कुणी विचारलं की मी आधी सायकल दाखवायला सांगतो.

सकाळी ७:००

शाळेची पोरं, हवा भरायची रांग. काळ्या सायकलीला रबरी नळीचा वॉल्व, पोरांच्या जाड टायरना मोटारसायकलसारखा, आणि रेसर सायकलीला तो बारीक, ज्याच्या टोकाची चकती सैल केल्याशिवाय आत हवाच जात नाही. सोबत ठेवायला पंप घेताना तो आपल्या वॉल्वला बसतो का, एवढं दुकानातच बसवून बघावं.

सकाळी ८:१५

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर–वसई रो-रो बोट सुरू झाली. त्याआधी खाडीपलीकडून इकडे यायचं तर महामार्गाचा भलामोठा वळसा होता. आता शनिवार-रविवारी माझ्याकडे तिकडचे सायकलवालेही थांबतात. वसईचा किल्ला बघायचा, मग निर्मळ, कळंबचा किनारा, पुढे आगाशी आणि अर्नाळा, असा त्यांचा बेत असतो.

आजच्या टोळक्यातल्या एकाची पुढची डिस्क सतत घासत होती. त्याच्याकडे हत्यार होतं आणि ते साधंसुधं नव्हतं. वीसेक कामं करणारा जाडजूड मल्टिटूल, त्यात बाटलीचं झाकण उघडायची सोयसुद्धा. त्यानं वाटेत डिस्कच्या मधल्या बोल्टांशी झटापट केली होती. त्या बोल्टांची खाच सहा पाकळ्यांची असते, तिला टी-२५ लागतो. घाईत बघितलं तर ती षटकोनीच वाटते आणि लहान मापाची ॲलन की तिच्यात सैलसर शिरतेही. जोर लावला की पाकळ्या घासून खाच गुळगुळीत होते, आणि मग तो बोल्ट कुठल्याच हत्यारानं निघत नाही. याचा एक बोल्ट त्याच वाटेवर होता, पण वाचला.

मुळात त्या बोल्टांना हात लावायचं कारणच नव्हतं. डिस्क घासते तेव्हा बहुतेकदा कॅलिपर थोडा बाजूला सरकलेला असतो. मी त्याच्याच मल्टिटूलमधली ५ची चावी काढली आणि त्याच्याकडूनच करून घेतलं. कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा-पाऊण आटा सैल करायचे. पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कला पकडतात आणि कॅलिपर आपोआप मधोमध येतो. ब्रेक दाबलेला ठेवूनच दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. चाक फिरवलं, आवाज बंद.

"दादा, एवढंच होतं?" तो म्हणाला.

एवढंच होतं. पण हे घरी, उजेडात, स्वच्छ हातांनी एकदा करून बघितलं असेल तर रस्त्यावर आठवतं. मल्टिटूल विकत घेतल्याच्या संध्याकाळीच सायकल उलटी करून सगळ्या चाव्या एकेका बोल्टात घालून बघायला मी प्रत्येकाला सांगतो. कुठली कुठे बसते हे डोक्यापेक्षा बोटांना जास्त लवकर कळतं.

सकाळी १०:३०

एक ताई आल्या. नर्स आहेत, घरापासून वसई स्टेशनपर्यंत सायकलनं जातात, पुढे लोकल. ड्यूटीहून रात्री परतताना एकदा सीट खाली सरकली आणि गुडघे हँडलला लागत असतानाही त्या तशाच घरी आल्या. त्यांना एक हत्यार हवं होतं, "सगळं असलेलं".

मी सायकल उलटी केली आणि खडू घेतला. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. सायकलीवरचा एकेक बोल्ट बघायचा, त्यात चावी घालायची, आकडा फरशीवर लिहायचा. त्यांच्या सायकलीचं असं निघालं: हँडल आणि स्टेमला ५, सीटपोस्टला ६, बाटलीच्या स्टँडला ४, ब्रेकच्या केबलला ५, मागच्या डिरेलरच्या छोट्या स्क्रूंना चौफुली पेचकस. म्हणजे ४, ५, ६ आणि एक पेचकस. आणि दोन्ही चाकांना क्विक रिलीज नाही, साधे नट आहेत, १५ मिलिमीटरचे. ही मेख आहे. पंक्चर काढायला चाक बाहेर यायला हवं, आणि घडीच्या मल्टिटूलमध्ये १५चा पाना सहसा नसतोच. सगळं असलेलं हत्यार घेऊनही ताई अंधारात अडकल्याच असत्या.

मग माझ्याकडचे तीन मल्टिटूल त्यांच्या हातात दिले. पहिला लहान आणि हलका, पण दांडा इतका आखूड की ६ची चावी फिरवायला पंजात जोर लागतो. दुसरा अंगानं जाड. बाटलीच्या स्टँडच्या बोल्टात घातला तर त्याचं अंग फ्रेमला आपटतं आणि पूर्ण फेरा बसत नाही. तिसऱ्यात चाव्या कमी, पण लांब, आणि वेगळी चेन काढायची घोडी. ताईंनी तिन्ही आपल्या सायकलीवर फिरवून बघितले आणि तिसरा घेतला. सोबत १५चा रिंग पाना, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, एक ट्यूब, एक पंप. सीटखालच्या पिशवीत सगळं बसलं.

सीट सरकण्याचं कारणही बघितलं. क्लँप ढिला नव्हता. आत वाळू आणि गंज होता. आमच्या भागात समुद्राचा वारा आणि किनाऱ्याची रेती मिळून लोखंडाचा जीव घेतात. सीटपोस्ट बाहेर काढून पुसला, ग्रीसचा पातळ हात दिला, मग आवळला. कार्बनचा पोस्ट असता तर ग्रीस लावलं नसतं, त्याला वेगळी पेस्ट लागते. ताईंना मी तीन गोष्टी करून दाखवल्या आणि तिन्ही त्यांच्याकडून करून घेतल्या. चावी घालण्यापूर्वी बोल्टाच्या खाचेतली माती सेफ्टी पिनेनं उकरायची. चावी तळापर्यंत, सरळ दाबून बसवायची. आणि हँडलच्या पुढच्या चार बोल्टांपैकी एकच पूर्ण आवळायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. त्या चार बोल्टांना साधारण ५ न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो आणि मल्टिटूल काही पिळाचा आकडा सांगत नाही. पूर्ण मुठीनं दांडा पकडला की हात हमखास जास्त आवळतो. म्हणून तिथे तीन बोटांनीच धरायचं.

या कामात तासभर गेला. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी मला हा तास घाईत उरकायचा नसतो. रात्री साडेनऊला स्टेशनहून एकटी परतणारी बाई स्वतःच्या हातानं चाक काढून बसवू शकते, यापेक्षा माझ्या दुकानातून मोठं काही जात नाही.

दुपारी १:००

जेवण. दुकानाच्या मागच्या भिंतीवर मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं एक जुनं छापील चित्र लावलंय. कारखानदार म्हणून सगळे त्यांना ओळखतात. त्यांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी पुढची. शिकाऊ पोरगा कधी म्हणाला की आपलं काम काय, पंक्चर काढायचं, तर मी त्याला ते चित्र दाखवतो.

दुपारी ३:३०

शिरसाट फाट्याहून टेम्पोत घालून एक सायकल आली, चेन तुटलेली. मुलगा कॉलेजातला, पारोळ–उसगावमार्गे वज्रेश्वरीला निघाला होता. चढावर गिअर बदलताना चेनवर पूर्ण जोर दिला आणि एका कडीची पट्टी उघडली. त्याच्या मल्टिटूलमध्ये चेन काढायची घोडी होती, पण वापरायची कशी ते माहीत नव्हतं. आणि क्विक लिंक नव्हती, म्हणजे घोडी चालवता आली असती तरी काम अर्धंच झालं असतं.

शिकाऊ पोराला आणि त्याला शेजारी बसवलं. वाकडी कडी घोडीत ठेवायची, तिची सुई बरोबर पिनेवर टेकली आहे ना ते आधी बघायचं. तिरपी टेकली तर घोडीचीच सुई मोडते. दांडा फिरवून पिन पूर्ण बाहेर ढकलायची. खराब भाग काढून टाकायचा, दोन्ही टोकांना आतल्या अरुंद कड्या ठेवायच्या, आणि त्यांच्यात क्विक लिंकचे दोन अर्धे अडकवायचे. हल्लीच्या पातळ चेनमध्ये जुनीच पिन परत ठोकू नये, ती पुढच्या चढाला दगा देते. क्विक लिंक अडकवली की पेडल फिरवून ती चेनच्या वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक दाबायचा आणि पेडलवर पाय देऊन झटका द्यायचा. 'कट्' असा आवाज आला की बसली.

लिंक गिअरच्या संख्येप्रमाणे येते. मागे ९ चकत्या असतील तर ९ची, ११ असतील तर ११ची; एकीची दुसरीला चालवू नये. आणि चेन एवढ्याने आखूड झालेली असते, तेव्हा घरी पोचेपर्यंत पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लावायची नाही, नाहीतर डिरेलर ताणला जाऊन मोडतो.

त्याचे गिअरही अडखळत होते. त्याला वाटलं स्क्रू फिरवावे लागतील. डिरेलरचे ते दोन स्क्रू फक्त चेन दोन्ही टोकांना किती दूर जाईल ते ठरवतात. मधल्या गिअरांच्या कुरबुरीशी त्यांचा संबंध नाही. केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथली गोल घुंडी हातानं पाव-पाव फेरा फिरवून बघितली आणि गिअर जागेवर आले. हत्यार लागलंच नाही. अशा कामांत मुलांनी पेचकस काढला की मी हात धरतो.

सायंकाळी ६:१५

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीची, तयारी करणारा एक गृहस्थ आला. बँकेत नोकरी, पहिलीच ब्रेव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, आणि सोबत मदतीची गाडी चालत नाही. आपल्या माणसांची मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदीच्या ठिकाणी. हा नियम जुन्या शर्यतींतून आलाय. १९१३च्या टूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच स्वारानं तुर्माले घाटाच्या उतारावर फोर्क मोडल्यावर सायकल खांद्यावर घेतली, मैलोन् मैल चालत गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क घडवला. एका पोरानं भाता ओढला म्हणून पंचांनी त्याला वेळेचा दंड केला. आजचे नियम इतके कठोर नाहीत, तरी रात्रीच्या महामार्गावर माणूस एकटाच असतो.

त्याची यादी मी अर्ध्यावर आणली. जड स्पॅनरचा संच काढला. दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, दोन क्विक लिंक, प्लास्टिकच्या चार पट्ट्या आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा घातला. टायर कुशीला फाटला तर तो तुकडा आतून लावून त्यावर ट्यूब फुगवता येते. पेडल वाटेत काढावं लागणार नाही. ते मल्टिटूलनं निघतही नाही, आखूड दांड्याला तेवढा जोर येत नाही. दुकानातच काढून, ग्रीस लावून बसवून दिलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

रात्री ८:००

दुकानातली हत्यारं पुसून त्यांना तेलाचा हात द्यायचा, हे शटर ओढण्याआधीचं काम. गिऱ्हाईकांनाही हेच सांगतो. मल्टिटूल पावसात भिजला की त्याच रात्री उघडून पुसा, सांध्यांत तेलाचा थेंब सोडा आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घालून पिशवीत ठेवा. सीटखाली वर्षभर विसरलेला मल्टिटूल इथल्या हवेत गंजून बसतो, आणि हव्या त्या चावीऐवजी सगळ्या मिळून एकदम बाहेर येतात.

शिकाऊ पोरानं क्विक लिंकचा डबा मोजला. ११च्या संपत आल्यात. उद्या रविवार, रो-रोच्या पहिल्या फेऱ्यांनी लोक यायला लागतील, तेव्हा त्या सकाळीच शेजारच्या दुकानातून आणायला त्याला सांगितलंय. ताईंनी सोमवारी ड्यूटीआधी यायचं ठरवलंय; मागचं चाक त्या माझ्यासमोर काढून, परत बसवून दाखवणार आहेत.