एक गोठा, दोन कथा

आमच्या चाळीत वसईकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. नाताळ आला की त्या घरच्या आजी खिडकीपाशी गोठा मांडीत. गवतावर बाळ येशू, जवळ मरीया आणि योसेफ, एका अंगाला मेंढपाळ, दुसऱ्या अंगाला उंटांवरचे तीन राजे आणि वर चांदणी! पुढे कॉलेजात गेल्यावर मी ‘नवा करार’ वाचला आणि चकित झालो. हा गोठा एका कथेतला नव्हताच!

गव्हाण आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानातले. चांदणी आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयाचे. ते राजे होते, तिघे होते किंवा उंटांवरून आले, असे मत्तय म्हणत नाही. भेटी तेवढ्या तीन: सोने, ऊद आणि गंधरस. शिवाय ते येतात घरात, गोठ्यात नव्हे.

दोघांची लेखणीही किती निराळी! मत्तयाचा आरंभ वंशावळीने: अब्राहामापासून चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. मग कथा झपाट्याने चालते. स्वप्न पडते, योसेफ उठतो, सांगितले तसे करतो. तोंडातून शब्द नाही. अशी स्वप्ने एकूण पाच, त्यांतली चार योसेफाची. मधूनमधून लेखक थांबून संदेष्ट्यांचे जुने बोल कसे खरे ठरले ते दाखवतो. आणि या कथेवर हेरोद राजाची छाया आहे. सिंहासन जाईल या भयाने तो बेथलेहेमची दोन वर्षांपर्यंतची मुले मारवतो. योसेफ रातोरात बाळ-बाळंतिणीला घेऊन मिसर देशी पळतो.

लूकचे पहिलेच वाक्य लांबलचक, घोटीव ग्रीक भाषेतले, थियफिल नावाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिलेले. लगेच भाषा जुन्या कराराचे वळण घेते. येथे बायका मोकळेपणी बोलतात. मरीया, जखऱ्या, देवदूत आणि वृद्ध शिमोन यांच्या मुखी स्तोत्रे आहेत. मरीयेच्या स्तोत्रात सत्ताधीश खाली उतरतात, भुकेले तृप्त होतात. मंदिरात आईबाप गरिबाला परवडणारी पाखरांची जोडी अर्पण करतात आणि नासरेथला सुखरूप परततात. कत्तल नाही, पलायन नाही.

दुसऱ्या शतकात तातियानाने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग कथा केली. सिरियातील ख्रिस्ती मंडळींत ती पुष्कळ काळ चालली. पण अखेर चार वेगळे ग्रंथच टिकले. विसंगती दिसत असूनही कोणाचाच आवाज पुसला गेला नाही, याचे मला आज कौतुक वाटते.

त्या वयात मात्र अंगात पांडित्य संचारले होते. म्हणालो, “आजी, तुमच्या गोठ्यात दोन गोष्टींची खिचडी झालीय!”

“दोघांनी सांगितलं म्हणून बाळ का दोन झाली रे?”

“मग हेरोद कुठं आहे?”

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्याला नाही मांडत. पण 28 डिसेंबरला त्या मारलेल्या लेकरांचा दिवस आम्ही पाळतो. त्या दिवशी देवळात ये.”

मी गेलो. आजींनी दोन मेणबत्त्या घेतल्या. एक माझ्या हाती दिली.