आजीची बट आणि हजार अंशांची भट्टी



गव्हाची पोळी कोणती आणि ज्वारीची भाकरी कोणती, हे डोळे मिटूनही ओळखता येते. पण खाणाऱ्याचा केस तपासून, त्याने काही महिन्यांपूर्वी कोणते धान्य खाल्ले ते सांगता येईल का? बरेचसे येते. मात्र त्यासाठी तो केस जाळावा लागतो, आणि नीट जाळणे हे किती अवघड काम आहे ते आम्हाला यंदा कळले. आम्ही पेशाने संगणकवाले. प्रोग्राम चुकला की दुरुस्त करून पुन्हा चालवायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. येथे जळले ते गेले.

निमित्त झाले आमच्या कन्येच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनाचे. तिची आजी सोलापूरहून येऊन सहा महिने पिस्कॅटवेला राहिली होती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे बारा सेंटिमीटरच्या बटेत मुळाकडचा अर्धा भाग पिस्कॅटवेचा आणि टोकाकडचा अर्धा सोलापूरचा! आजीने जाण्याआधी एक बट कापून दिली. कन्येने तिचे बारा तुकडे केले आणि बारा पाकिटांत भरून त्यांवर महिने लिहिले.

कार्बनचे अणू दोन वजनांचे असतात, १२ आणि १३. (१४ वजनाचाही असतो, पण तो अगदी नगण्य आणि टिकत नाही.) हजार अणूंत सुमारे अकरा जड असतात. गहू आणि तांदूळ हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या. त्यामुळे ठरलेल्या मापाशी ताडून पाहिले तर गव्हात जड कार्बन हजारी २७ च्या आसपास कमी भरतो, ज्वारीत १२ च्या आसपास. आपण जे खातो त्याचाच केस होतो. अमेरिकेत गाईदेखील मका खातात, म्हणून येथले दूध थोडे ज्वारीच्या बाजूला झुकते, ही आम्हाला वाटलेली सर्वांत मोठी गंमत.

आपल्या गावातच, रट्गर्स विद्यापीठाच्या बुश कॅम्पसवर, अशी मोजणी करणारी प्रयोगशाळा आहे. तेथे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचे तपासतात. पण कवच आम्लात विरघळवले की वायू मिळतो, जाळावे लागत नाही. केसाचे तसे नाही. जाळण्याचे यंत्र आम्ही दुसरीकडे पाहिले.

ज्यांनी बंब पाहिला आहे त्यांना हे यंत्र लगेच समजेल. बंब म्हणजे पाणी तापवायचे तांब्याचे उंच भांडे, मधोमध नळी, नळीत जळण, खाली राख. येथे ती नळी क्वार्ट्झची, हातभर लांब, दोन बोटे जाड आणि विजेच्या भट्टीत उभी. भट्टीचे तापमान १०२० अंश. नमुना टिनच्या वर्खात मसुरीएवढी पुडी बांधून वरून टाकतात. त्याच क्षणी प्राणवायू सोडला की टिन स्वतःच पेट घेते आणि क्षणभर तापमान १८०० अंशांच्या जवळ जाते.

नळी भरणे हे डबा भरण्यासारखे आहे; थर चुकला की सगळे चुकले. तळाला क्वार्ट्झच्या तंतूंचा कापूस. त्यावर चांदी चढवलेल्या कोबाल्ट ऑक्साइडचे काळे दाणे. हे गंधक पकडतात. (केस जळताना जो वास येतो तो गंधकाचाच.) मग पुन्हा थोडा कापूस, त्यावर हिरवे क्रोमियम ऑक्साइड, जे अर्धवट जळालेले पुरते जाळते, आणि वर पुन्हा कापूस. नळी हलकेच टिचक्या मारत भरायची. फार ठासली तर वायू अडतो. सैल राहिली तर वायू फटीतून न जळताच निसटतो. शिवाय उघड्या हाताने नळीला हात लावायचा नाही! घामातल्या मिठाने तापलेले क्वार्ट्झ दुधाळ होते आणि तडकते. भरताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. वापरलेले क्रोमियम विषारी असू शकते, ते कचऱ्यात टाकत नाहीत. बालमित्रांनो, हे घरी करून पाहायचे काम नव्हे.

पुढे दुसरी नळी, ६५० अंशांची, तांब्याच्या बारीक तारांनी भरलेली. उरलेला प्राणवायू हे तांबे शोषून घेते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन करते. हे करता करता तांबडे तांबे काळे पडत जाते. आजीच्या तांब्या-पेल्यासारखे चिंचेने घासून ते परत लख्ख होत नाही; बदलावेच लागते.

आमचे घोडे येथेच अडले. सोलापूरचे सहा तुकडे एका दुपारी जाळले. मधूनमधून माहीत असलेला एक पदार्थ जाळून यंत्राची परीक्षा घेतात. सहा तुकड्यांनंतरच्या परीक्षेत यंत्र नापास! तांबे जवळजवळ टोकापर्यंत काळे झालेले आणि पहिल्या नळीत राखेचा ढीग. नायट्रोजनचा एक ऑक्साइड कार्बन डायॉक्साइडइतकाच, ४४ वजनाचा असतो. तांब्याने त्याला सोडले की तो कार्बनच्याच रांगेत घुसतो आणि आकडा बिघडवतो. जेथे हजारातल्या एक-दोनचा हिशेब आहे तेथे असा पाहुणा चालत नाही. किती नमुने जाळले ते लिहायची वही भिंतीवर टांगलेली होती. शेवटचे काही दिवस तिच्यात कोणी लिहिलेच नव्हते.

नंतर नळ्या नव्याने भरल्या. हेलियम सोडून गळती तपासली, केसाविना रिकाम्या पुड्या जाळून पाहिल्या, माहीत असलेला पदार्थ तीनदा बरोबर आला, आणि मगच पिस्कॅटवेचे सहा तुकडे गेले. ते आकडे चांगले आले. कन्येने अर्ध्याच आलेखाचा तक्ता प्रदर्शनात मांडला. सोलापूरच्या जागी तिने कोरी चौकट ठेवली आणि खाली कारण लिहिले.

रविवारी आजीला फोनवर सगळे सांगितले. आजी म्हणाली, "सोलापूरचा केस काय, तो माझ्या डोक्यावर वाढतोच आहे. पुढल्या खेपेला हवा तेवढा काप. पण राख न काढता बंब पेटवला कोणी, ते आधी सांग."