बुद्धिबळाचे यंत्र : वेग आणि व्यासंग

बुद्धिबळ खेळणारे गणकयंत्र जिंकते ते वेगामुळे की ज्ञानामुळे? डाव मध्यावर आला की खेळणाऱ्यापुढे सरासरी पस्तीसएक खेळ्या असतात. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्या पुढे पाहावयाच्या म्हटल्या, तरी १५ लक्ष स्थिती होतात. १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने यावर दोन मार्ग सांगितले. एक, सर्व खेळ्या सरसकट तपासावयाच्या. दुसरा, जाणत्या खेळाडूप्रमाणे मोजक्याच निवडून त्यांचाच खोल विचार करावयाचा.

दुसरा मार्ग आपल्याला साहजिकच थोर वाटतो. सोव्हिएत जगज्जेता मिखाइल बॉटविनिक हा विद्युत अभियंताही होता. आपली समज यंत्रात उतरविण्यासाठी त्याने आयुष्याची अनेक वर्षे वेचली. पण त्याचा ‘पायोनियर’ स्पर्धेच्या पटावर कधी आलाच नाही. अडचण उघड आहे. उस्ताद तीस खेळ्या नजरेनेच बाजूला सारतो, परंतु त्या कोणत्या नियमाने सारल्या हे त्याला सांगता येत नाही. यंत्राला अर्धवट नियम दिले, तर टाकून दिलेल्या खेळीतच नेमका वजीर जातो.

उलट, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी खास बुद्धिबळासाठीच ‘बेल’ हे यंत्र बांधले. ते सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती पाही. १९८० साली ते यंत्रांचे जगज्जेते झाले. थॉम्पसनने त्याला त्याच्याशीच खेळविले, तेव्हा एक खेळी अधिक खोल पाहणारे यंत्र उथळ पाहणाऱ्यास बहुतेक वेळा हरवी.

येथे वेगाचा पक्ष जिंकला असे वाटेल. पण जरा थांबा. माझ्या खेळीला प्रतिपक्ष माझा वजीर फुकट मारून उत्तर देऊ शकतो एवढे दिसले, की त्याची उरलेली उत्तरे पाहण्याचे कारणच काय? ही साधी युक्ती योग्य क्रमाने वापरली, तर वरील १५ लक्षांचे काम अडीच हजारांत भागू शकते. यंत्राची एक तारही न बदलता सहाशेपट लाभ! याला मी ज्ञानच म्हणेन. मात्र ते बुद्धिबळाचे नव्हे, शोधण्याचे.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारॉव्हला ३॥–२॥ असे हरविले, ते सेकंदाला २० कोटी स्थिती पाहून. २००६ मध्ये क्रामनिकला ४–२ असे नमविणारा ‘डीप फ्रिट्झ’ बाजारात मिळणाऱ्या गणकयंत्रावर चाले आणि अवघ्या ८० लक्ष स्थिती पाही. पुढे ‘अल्फाझीरो’ आला. ‘स्टॉकफिश’ सेकंदाला ६ कोटी स्थिती पाही, हा फक्त ६०,०००. तरी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हजार डावांपैकी त्याने १५५ जिंकले आणि ६ गमावले.

तर मग ज्ञानाचा विजय? अंशतः. अल्फाझीरोला कोणी उस्तादाने शिकविले नव्हते. तो स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून शिकला, आणि ते डाव खेळविण्यासाठी ५,००० खास गणनयंत्रे राबत होती. पटावरून निघून गेलेला वेग शाळेत जाऊन बसला होता, इतकेच.

स्टॉकफिशने २०२० साली जे जाळे स्वीकारले, त्याची रचना यू नासू या जपानी संशोधकाने शोगी या खेळासाठी केली होती. पूर्वी ज्ञान वाढविले की वेग घटे, म्हणून यंत्रकार ज्ञानाच्या बाबतीत हात आखडता घेत. नासूच्या रचनेत ही किंमत पुष्कळ उतरली. एका खेळीने पटावरचे एखाददुसरेच मोहरे हलते. म्हणून हे जाळे सारा हिशेब नव्याने न मांडता तेवढाच फरक दुरुस्त करून घेते.